फिजिओथेरपीच्या दहा सिटिंग सुरू करण्याआधी: या उपचाराला पुरावा काय, हे विचारा

सप्टेंबर २०२५ मध्ये फिजिओथेरपी अचानक बातम्यांमध्ये आली. फिजिओथेरपिस्टनी नावाआधी ‘डॉक्टर’ लावू नये, असे पत्र केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ९ सप्टेंबरला काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. त्याच वर्षी आलेल्या फिजिओथेरपीच्या नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात मात्र नावाआधी ‘डॉ.’ आणि नावानंतर ‘पीटी’ लावण्याची मुभा होती. त्यावरून डॉक्टरांच्या संघटना एका बाजूला आणि फिजिओथेरपिस्टच्या संघटना दुसऱ्या बाजूला, असा वाद रंगला.

तुम्ही आर्वी, आष्टी किंवा समुद्रपूर तालुक्यातल्या गावात राहत असाल आणि घरी कुणाची कंबर धरली असेल, तर या वादाने तुमचे काहीच अडत नाही. तुमचा प्रश्न वेगळा आहे. चिठ्ठीवर लिहिलेले असते, ‘फिजिओथेरपी, १० दिवस’. म्हणजे दहा वेळा एसटीने वर्ध्याला जायचे आणि यायचे. दहा दिवसांचा रोज बुडणार. सोबत येणाऱ्या मुलाचाही बुडणार. कापूस वेचणीच्या दिवसांत हा हिशोब फार महाग पडतो. एवढे करून तिथे जे केले जाते त्याने खरोखर फरक पडतो का, हा तुमचा प्रश्न. त्याचे उत्तर नावाआधीच्या अक्षरांत नाही, संशोधनाच्या पुराव्यात आहे. या लेखात तो पुरावा तीन नेहमीच्या तक्रारींबाबत पाहू: कंबरदुखी, गुडघेदुखी आणि लकवा.

बरे वाटले, म्हणजे उपचाराने बरे झाले का?

शेक घेतला आणि आठ दिवसांत कंबर मोकळी झाली, तर श्रेय शेकाला मिळते. पण अचानक भरलेली कंबर बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत आपोआपच बरीच सुधारते. शिवाय दुखणे सर्वात जास्त असते तेव्हाच आपण दवाखान्यात जातो, म्हणजे त्यानंतर ते उतरणार असतेच. त्यात त्या आठ दिवसांत तुम्ही वावरात गेला नाहीत, गोळ्याही घेतल्या, आणि कुणीतरी आपुलकीने विचारपूस केली, हात लावला. या सगळ्यातून शेकाचा वाटा वेगळा काढायचा कसा?

त्यासाठी संशोधक एक साधी युक्ती वापरतात. सारख्याच त्रासाच्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करतात. एका गटाला उपचार देतात, दुसऱ्याला नेहमीची काळजी किंवा मशीन चालू असल्याचा नुसता आभास. ठरलेल्या मुदतीनंतर दोन्ही गटांची तुलना करतात. दोन्ही गट सारखेच सुधारले, तर सुधारणा मशीनमुळे नव्हती. अशा अनेक चाचण्या एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष सर्वात भरवशाचा धरतात. कॉक्रेन ही आंतरराष्ट्रीय संस्था असे आढावे तयार करते आणि त्यांचे सोप्या भाषेतले सारांश कुणालाही मोफत वाचता येतात. फिजिओथेरपीच्या संशोधनाची ‘पेड्रो’ नावाची मोफत यादी ऑस्ट्रेलियातून १९९९ पासून चालते. तुमच्या फिजिओथेरपिस्टला ती ठाऊक असायला हवी.

इथे वर्ध्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. सावंगी (मेघे) येथील रवि नायर फिजिओथेरपी महाविद्यालयामुळे या जिल्ह्याचे नाव फिजिओथेरपीच्या आंतरराष्ट्रीय लेखनात वारंवार दिसते. त्यात ‘केस रिपोर्ट’ बरेच असतात. केस रिपोर्ट म्हणजे एका रुग्णाला काय झाले, काय उपचार दिले आणि तो कसा सुधारला याची नोंद. दुर्मिळ आजारात अशी नोंद मोलाची ठरते, विद्यार्थी त्यातून शिकतात, नवा प्रश्नही त्यातून सुचतो. पण एका रुग्णाच्या नोंदीत तुलनेला दुसरा गट नसतो. त्यामुळे ‘यावर संशोधन झाले आहे, छापून आले आहे’ असे कुणी सांगितले, तर पुढचा प्रश्न विचारा: ‘किती रुग्णांवर? आणि कशाशी तुलना करून?’

कंबरदुखी: शेक, करंट, ट्रॅक्शन आणि पट्टा

जागतिक आरोग्य संघटनेने ७ डिसेंबर २०२३ रोजी जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. तीन महिन्यांहून जास्त चाललेली आणि फ्रॅक्चर, जंतुसंसर्ग किंवा गाठ असे ठराविक कारण नसलेली कंबरदुखी, एवढ्यापुरत्या त्या आहेत. बहुतेक रुग्ण याच गटात मोडतात.

संघटनेने शिफारस केली ती दुखण्याबद्दल नीट समजावून सांगणे, नियमित व्यायाम आणि मानसिक आधाराचे काही उपचार यांची. मसाज आणि तज्ज्ञाच्या हातून केलेली मणक्याची हाताळणी यांनाही जागा दिली. नेहमी वापरू नये असे सांगितले ते कंबर ओढण्याचे ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंडचा शेक, ‘टेन्स’चा करंट आणि कमरेचा पट्टा यांबद्दल. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ मध्येच ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, टेन्स, इंटरफेरन्शियल करंट आणि पट्टे देऊ नयेत असे म्हटले होते. ट्रॅक्शनवरच्या कॉक्रेनच्या २०१३ च्या आढाव्यात ३२ चाचण्या आणि २,७६२ रुग्ण होते. दुखणे, हालचाल किंवा कामावर परतणे, यांपैकी कशातही ट्रॅक्शनने दखल घेण्याजोगा फरक पडल्याचे दिसले नाही.

आता हे आपल्या नेहमीच्या अनुभवाशी ताडून पाहा. कंबरदुखीसाठी फिजिओथेरपीला गेल्यावर बहुतेकांना आधी काय मिळते? शेक, करंट, ट्रॅक्शन आणि निघताना पट्टा. व्यायामाचा कागद शेवटी, घाईत. म्हणजे पुराव्याचा क्रम एक आणि आपला क्रम त्याच्या उलट.

याचा अर्थ शेक घेणे घातक आहे असा नाही. गरम पाण्याच्या पिशवीने थोडा वेळ आराम पडत असेल, तर घरी जरूर घ्या. त्यासाठी वर्ध्याला येण्याची गरज नाही. फक्त आराम आणि उपचार या दोन गोष्टी आहेत, हे लक्षात असू द्या. शेक थोडा वेळ आराम देतो. कमरेची ताकद आणि वाकण्या-उचलण्याचा विश्वास परत येतो तो हळूहळू वाढवत नेलेल्या हालचालीने. ‘गादी सरकली’, ‘गॅप आली’ असे ऐकून लोक महिनोन्महिने अंथरूण धरतात, आणि त्यात कंबर आणखी कमजोर होते. कंबरदुखी कधीच नसलेल्या पुष्कळ लोकांच्या एमआरआयमध्येही गादीचे बदल दिसतात. रिपोर्टमधल्या शब्दाला घाबरून चालणे सोडू नका.

गुडघेदुखी: व्यायामाचा फायदा खरा, पण माफक

झिजेच्या गुडघेदुखीवर व्यायामाची शिफारस जगभर होते. पण पुरावा मानायचा तर आपल्या बाजूचा असो वा नसो, आहे तसाच मानावा लागतो. कॉक्रेनने डिसेंबर २०२४ मध्ये १३९ चाचण्यांचा आढावा घेतला. त्यात १२ हजारांहून अधिक रुग्ण होते. व्यायामाने दुखणे कमी होते आणि हालचाल सुधारते, असे त्यात दिसले. मात्र हा फायदा प्रत्येक रुग्णाला जाणवण्याइतका मोठा असतोच असे नाही, हेही त्यात स्पष्ट म्हटले आहे.

मग व्यायाम करावा का? हो, करावा. वेदनाशामक गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तर जठर आणि किडनीला धोका असतो, व्यायामाला तसा धोका फार कमी. मांडीचे स्नायू बळकट झाले की उठ-बस सोपी होते, आणि चालते राहण्याचा फायदा साखर, रक्तदाब व हृदयालाही होतो. पण ‘पंधरा दिवसांत गुडघा नवा’ असे कुणी म्हणत असेल, तर त्याच्यामागे पुरावा नाही. सहा ते आठ आठवडे सातत्याने व्यायाम करा, वजन जास्त असेल तर कमी करा आणि मग फरक पाहा. व्यायाम थांबवला की फायदाही ओसरू लागतो, म्हणून दात घासण्यासारखी त्याची सवय लावावी लागते.

गुडघ्याचा सांधा बदलण्याचे ऑपरेशन झालेल्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. ऑस्ट्रेलियात १६५ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. काही रुग्णांना दहा दिवस रुग्णालयात ठेवून फिजिओथेरपी दिली आणि मग घरचा कार्यक्रम दिला, बाकीच्यांना फक्त देखरेखीखालचा घरचा कार्यक्रम. सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच चालत होते. ऑपरेशननंतर गुंतागुंत नसलेल्यांसाठी याचा अर्थ सरळ आहे: नीट शिकवलेला आणि अधूनमधून तपासलेला घरचा व्यायाम दुय्यम नसतो.

लकवा: घाई नको, आणि सगळे ओझे घरच्यांवरही नको

गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी ८६ गावांतल्या मृत्यूंचा अभ्यास केला. २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एकूण मृत्यूंपैकी १४.३ टक्के पक्षाघाताने झाले होते आणि मृत्यूचे पहिले कारण तेच निघाले. म्हणजे लकवा हा फक्त शहरातल्या लोकांचा आजार नाही. जे वाचतात, त्यांच्यासाठी फिजिओथेरपी हाच पुढचा मोठा आधार असतो. म्हणून इथे पुरावा नीट समजून घ्यावा.

पहिला प्रश्न, रुग्णाला कधी उठवायचे? ‘जितके लवकर आणि जितके जास्त, तितके बरे’ असेच अनेकांना वाटत होते. पाच देशांतल्या ५६ रुग्णालयांत २,१०४ रुग्णांवर ‘अ‍ॅव्हर्ट’ नावाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. पहिल्या २४ तासांत सुरू करून वारंवार आणि जास्त वेळ उठवलेल्या गटात तीन महिन्यांनी ४६ टक्के रुग्ण चांगल्या स्थितीत होते. नेहमीच्या पद्धतीने हळूहळू उठवलेल्या गटात ५० टक्के. चांगल्या हेतूने केलेली घाई थोडी मागेच पडली. म्हणून पहिल्या दिवशी नातेवाइकांनी रुग्णाला धरून चालवण्याचा आग्रह धरू नये. कधी, किती वेळ बसवायचे हे वॉर्डातल्या टीमला ठरवू द्या.

दुसरा प्रश्न, फिजिओथेरपिस्ट गावात नाही, तर घरच्यांनाच शिकवून काम भागेल का? हा प्रश्न आपल्यासारख्या जिल्ह्यांसाठीच आहे, आणि त्याचे उत्तर भारतातच शोधले गेले. ‘अटेंड’ या चाचणीत देशातल्या १४ रुग्णालयांतले १,२५० रुग्ण होते. एका गटातल्या नातेवाइकांना रुग्णालयात आणि नंतर घरी जाऊन व्यायाम व काळजी शिकवली. २०१७ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी मृत्यू पावलेल्या किंवा दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच होते. घरच्यांना शिकवण्याने या आकड्यात फरक पडला नाही.

हा निकाल वाचून खचू नका. घरच्यांची सेवा वाया जाते, असे ही चाचणी सांगत नाही. पाठीला जखमा होऊ न देणे, वेळेवर औषधे देणे, धीर देणे हे घरच्यांशिवाय होत नाही. पण प्रशिक्षित माणसाची जागा घरच्यांनी भरून काढावी, ही अपेक्षा त्यांच्यावर लादू नये. ‘तुम्ही नीट व्यायाम करून घेतले नाहीत, म्हणून हात सुधारला नाही’ असे एखाद्या सुनेला किंवा बायकोला कुणी सुनावत असेल, तर त्या बोलण्याला पुरावा नाही. सरकारकडे मागायची गोष्टही यातूनच कळते: तालुक्याच्या ठिकाणी प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट हवा. नुसत्या पत्रकांवर भागणार नाही.

लकव्यात ज्याला आधार सापडतो ती पद्धत साधी आहे. जे काम परत जमायला हवे, तेच काम पुन्हा पुन्हा करणे. पेला उचलणे, खुर्चीवरून उठणे, दाराची कडी लावणे. बोटे थोडी हलत असलेल्या निवडक रुग्णांत चांगला हात काही तास बांधून अधू हाताला कामाला लावण्याची पद्धतही चाचण्यांत उपयोगी दिसली आहे, मात्र ती तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावी. आणि रुग्णाला उठवताना अधू हात धरून ओढू नका, त्याने खांदा दुखावतो.

मग मशीन अजून का चालतात?

दोष फक्त फिजिओथेरपिस्टवर टाकणे सोयीचे आहे, खरे नाही. ‘फिजिओथेरपी, १० दिवस’ एवढेच लिहून चिठ्ठी देणारे आम्ही डॉक्टर असतो. निदान काय, रुग्ण काय काम करतो, त्याला कशापर्यंत पोहोचायचे आहे, यातले काही आम्ही लिहीत नाही. एका खोलीत वीस रुग्ण असतात, तेव्हा प्रत्येकाला अर्धा तास व्यायाम शिकवणे अवघड आणि मशीन लावून पुढच्याकडे जाणे सोपे. पैसेही बहुतेक ठिकाणी सिटिंगप्रमाणे मिळतात, समजावून सांगण्याचे वेगळे मिळत नाहीत. आणि आपल्यालाही मशीन आवडते. ‘नुसता व्यायामच सांगितला, काही केलेच नाही’ अशी तक्रार रुग्णच करतात.

हे बदलू शकते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत औषधांबाबत ‘पुरावा काय?’ हा प्रश्न विचारण्याची परंपरा आहे. तिथल्या कस्तुरबा रुग्णालयात कमी किमतीची जेनेरिक औषधे मिळतात. कोविडच्या काळात पुरावा नसलेल्या औषधांविरुद्ध तिथले डॉ. एस. पी. कलंत्री जाहीरपणे बोलत होते. अनावश्यक औषध गळले की रुग्णाचे पैसे वाचतात. अनावश्यक सिटिंग गळली, तर एसटीचे भाडे आणि दिवसाचा रोजही वाचतो. तोच प्रश्न औषधांच्या चिठ्ठीवरून फिजिओथेरपीच्या चिठ्ठीवर आणायचा आहे.

पहिल्या भेटीत विचारायचे सहा प्रश्न

१. माझ्या त्रासाचे कारण काय, आणि उपचार न करता तो किती दिवसांत सुधारेल?

२. यातला कोणता उपचार तात्पुरत्या आरामासाठी आहे आणि कोणता पुढे टिकणाऱ्या सुधारणेसाठी?

३. हा उपचार माझ्यासारख्या रुग्णांवर तुलना करून तपासला आहे का?

४. मी घरी काय करायचे? एकदा माझ्याकडून करून घ्या, आणि शक्य असेल तर माझ्या मोबाइलवर व्हिडिओ काढून द्या.

५. मी लांबून येतो. रोज येण्याऐवजी आठवड्यातून एकदा किंवा पंधरा दिवसांतून एकदा येऊन चालेल का?

६. फरक कशावरून मोजायचा, आणि किती दिवसांत पडला नाही तर उपचार बदलायचा?

सहावा प्रश्न विसरू नका. ‘बरे वाटते का?’ यापेक्षा ‘पाणवठ्यापर्यंत न थांबता चालता येते का?’, ‘किती वेळ वाकून निंदण करता येते?’ हे मोजमाप खरे. पहिल्या दिवशी लिहून ठेवा आणि चार आठवड्यांनी ताडून पाहा. हे प्रश्न भांडणाच्या सुरात विचारायची गरज नाही. चांगल्या फिजिओथेरपिस्टला ते आवडतात, कारण असा रुग्ण घरी व्यायाम करतो.

फिजिओथेरपिस्ट नोंदणीकृत आहे का, हेही विचारा. महाराष्ट्रात यासाठी २००२ च्या कायद्याने राज्य परिषद आहे. पाटीवरच्या पदव्यांपेक्षा ही नोंदणी महत्त्वाची.

इथे मात्र वाट पाहू नका

पुढीलपैकी काही असेल, तर सिटिंगची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा:

• कंबरदुखीसोबत लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, बैठकीच्या जागी बधिरपणा, पायांतली ताकद झपाट्याने जाणे

• पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेली तीव्र कंबरदुखी, विशेषतः वयस्कांत

• कंबरदुखीसोबत ताप, विनाकारण वजन घटणे, किंवा पूर्वी कर्करोग झालेला असणे

• गुडघा अचानक लाल, गरम होऊन सुजणे आणि ताप येणे

• एका बाजूचा पाय किंवा पोटरी अचानक सुजून दुखणे, खास करून ऑपरेशननंतर किंवा लकव्यानंतर. तिथे मालीश करू नका

• तोंड वाकडे होणे, हातातली ताकद जाणे, बोलणे अडखळणे. ही लकव्याची लक्षणे आहेत, १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

नावाआधी ‘डॉक्टर’ कुणी लावायचे, हे आयोग आणि न्यायालये ठरवतील. तुमच्या आईच्या कमरेवर दहा दिवस काय करायचे, हे ठरवताना मात्र तुम्ही तिथे हजर असता. पुढच्या वेळी चिठ्ठी हातात पडली की खिशात घालण्याआधी तीत व्यायाम किती, मशीन किती आणि घरी काय करायचे, एवढे लिहून घ्या. लिहायला दोन मिनिटे लागतात, आणि न लिहिल्याने दहा दिवस जाऊ शकतात.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या तब्येतीनुसार उपचार ठरवताना तुमच्या डॉक्टरांशी आणि फिजिओथेरपिस्टशी बोला. त्यांना न विचारता चालू उपचार बंद करू नका.)